गाडी खाली झाली, पण माल उतरला का?

(या भागाचं लेखी रूप. प्रवासात ऐकताना रेंज गेली असेल, किंवा ऑफिसात इअरफोन लावता येत नसतील, त्यांच्यासाठी. बोलण्यातले 'म्हणजे' आणि 'ॲक्च्युअली' जमेल तेवढे काढलेत.)

आजचा शब्द आहे 'अनलोड'. तुम्ही म्हणाल, यात काय सांगायचंय? लोड म्हणजे भरणं, अनलोड म्हणजे उतरवणं, विषय संपला. मलाही तसंच वाटायचं. बी. टेक. झालंय, पाच वर्षं सॉफ्टवेअरमध्ये काढलीयेत, दिवसाला पन्नास वेळा हा शब्द कुठल्या ना कुठल्या रूपात टाइप करतो. पण या एका शब्दाचं मराठी मी चुकीचं केलं आणि त्यात माझ्या सख्ख्या मामाचे पैसे अडकले. ती गोष्ट आज सांगणारे.

सुरुवात मात्र विनोदी आहे, तिथूनच करू.

मी मूळचा कराडचा. नोकरी पुण्यात. आमची कंपनी छोटी आहे, ट्रकवाले आणि गोदामवाले यांच्यासाठी अ‍ॅप बनवते. कुठली गाडी कुठे पोचली, किती पोती आली, बिल किती झालं, असं सगळं. सांगलीच्या मार्केट यार्डातल्या एका गोदामानं आमचं अ‍ॅप घेतलं. हळदीचं गोदाम. सांगलीची हळद म्हणजे तुम्हाला माहितीये, २०१८ साली तिला जीआय मानांकन मिळालं. आणि सौद्याला येणारी हळद काही एकट्या सांगली जिल्ह्याची नसते, मराठवाड्यातून येते, कर्नाटकातून येते, तेलंगणातून येते. म्हणजे गाड्याच गाड्या. अ‍ॅप मराठीत हवं, असं गोदामवाल्यांनी सांगितलं आणि टीममध्ये 'तिकडचा' मी एकटाच. त्यामुळे सगळ्या बटणांचं मराठी माझ्या गळ्यात.

'अनलोडेड' या स्टेटससाठी मी नोटिफिकेशन लिहिलं, 'हळद उतरली'. खाली छोट्या अक्षरात पोत्यांची संख्या, गाडी नंबर, वेळ. छान वाटलं. शुद्ध मराठी, दोन शब्द, लॉक स्क्रीनवर मावतंय.

पहिल्याच रात्री साडेअकराला फोन. एका शेतकऱ्याची हळद त्या गोदामात पडून होती, भाव वाढायची वाट बघत. त्याला चुकून दुसऱ्याच्या गाडीचं नोटिफिकेशन गेलं होतं. ती चूक वेगळीच, पण लॉक स्क्रीनवर त्यानं एवढंच वाचलं, 'हळद उतरली'. मंडळी, बाजारात 'हळद उतरली' म्हणजे काय? भाव पडला! गडी झोपेतून उठून अडत्याला फोन करतोय, अडत्या गोदामवाल्याला, गोदामवाला आमच्या सपोर्टला, आणि सपोर्टवाला मला. "किती उतरली? शंभर? दोनशे?" मी म्हणतोय, "तीनशे." मी पोती सांगतोय, समोरचा रुपये ऐकतोय.

हसून झालं. दुसऱ्या दिवशी मी ते बदललं. आता काय लिहायचं? गोदामात लोक काय बोलतात ते आठवलं. कोणी 'उतरवली' म्हणत नाही. 'गाडी खाली झाली का?' असंच विचारतात. मी लिहिलं, 'गाडी खाली झाली'. बटणावर, ड्रायव्हरच्या स्क्रीनवर. सगळे खूश. खरी चूक इथे झाली.

ती नीट समजायला थोडं व्याकरण लागेल. घाबरू नका, परीक्षेतलं नाही.

इंग्रजीत 'अनलोड द ट्रक' म्हणतात आणि 'अनलोड द बॅग्ज' पण म्हणतात. क्रियापद एकच. पहिल्यात कर्म म्हणजे ट्रक, दुसऱ्यात पोती. एकात रिकामं होणारं भांडं, दुसऱ्यात बाहेर येणारी वस्तू. इंग्रजीत अशी बरीच क्रियापदं आहेत. बेथ लेव्हिन या भाषाशास्त्रज्ञ बाईंचं १९९३ चं एक जाडजूड पुस्तक आहे, त्यात इंग्रजी क्रियापदांचे असे वर्गच लावलेत. त्यातली गंमत अशी की कर्म बदललं की अर्थ हळूच सरकतो. 'बॅग्ज अनलोड केल्या' म्हटलं तर गाडीत आणखी काही शिल्लक असू शकतं. 'ट्रक अनलोड केला' म्हटलं की ट्रक रिकामा. पण मग पोत्यांचं पुढे काय झालं, त्याबद्दल ते वाक्य गप्प आहे.

आता मराठी बघा. भरताना आपणही एकाच शब्दावर भागवतो. 'गाडी भरली', 'माल भरला', दोन्ही चालतं. पण रिकामं करताना आपण दोन वेगळे शब्द वापरतो. माल 'उतरतो' आणि गाडी 'खाली होते'. 'माल खाली झाला' कोणी म्हणत नाही. 'गाडी उतरली' म्हटलं तर ती घाटातून उतरली, खंबाटकी उतरली असा अर्थ होतो. म्हणजे जिथे इंग्रजीत एक शब्द, तिथे आपल्याकडे दोन. मी त्यातला एक उचलला आणि दोन्ही कामांच्या डोक्यावर चिकटवला.

जाता जाता, या 'खाली'चं पण एक आहे. आपला मराठी 'खाली' म्हणजे वर-खालीमधला. आणि गाडी 'खाली' करतो तो अरबीतून फारसी-हिंदीमार्गे आलेला, अर्थ रिकामी. लिहायला दोन्ही सारखेच. शाळेतल्या बाई 'रिकामी' लिहायला लावतील, पण यार्डात 'रिकामी गाडी' म्हणणारा माणूस बाहेरगावचा हे लगेच कळतं. साताऱ्याकडे अपशिंगे मिलिटरीसारखी गावं आहेत, घरटी फौजी. तिथल्या एखाद्या माजी सैनिकाला 'अनलोड' म्हणा, त्याच्या डोक्यात ट्रक येणारच नाही. त्याच्यासाठी ती बंदुकीची आज्ञा, 'खाली कर'. शब्द तोच, फक्त इथे राहून गेलेली एक गोळी जीव घेऊ शकते. म्हणून बंदूक खाली झाली की नाही, हे तपासून बघतात. मी काहीच तपासलं नाही.

का नाही तपासलं, याला कारण माझं बालपण आहे.

मी वाढलो उसात. कराडच्या आजूबाजूला कारखानेच कारखाने. रेठऱ्याचा कृष्णा, यशवंतनगरचा सह्याद्री. लहानपणी चुलतभावाच्या ट्रॅक्टरवर बसून मी कारखान्याच्या यार्डात रात्र रात्र काढलीये. नंबर लागेपर्यंत थंडीत कुडकुडत बसायचं. नंबर लागला की भरलेली गाडी काट्यावर. वजन. मग गव्हाणीजवळ. वरून क्रेन येते, साखळी अडकवते, आख्खी ट्रॉली उचलल्यासारखी करून ऊस एका झटक्यात गव्हाणीत. पाच-सात मिनिटांचा खेळ. मग रिकामी गाडी परत काट्यावर. भरलेलं वजन वजा रिकामं वजन, एवढा तुमचा ऊस. पावती घ्या आणि सुटा.

लक्षात आलं? उसात 'गाडी खाली झाली' आणि 'माल पोचला' या दोन गोष्टी नाहीतच. एकच आहे. गाडीचं रिकामं वजन हाच माल मिळाल्याचा पुरावा. मधे माणूस नाही. क्रेन आहे. माझ्या डोक्यात अनलोडचं चित्र हेच होतं, आणि तेच मी कोडमध्ये लिहिलं. ड्रायव्हरनं 'गाडी खाली झाली' दाबलं की ट्रिप बंद, पोती जमा, हमालीचं बिल तयार.

हळदीत क्रेन नाही. हळदीत माझा मामा आहे.

मामा सांगलीच्या यार्डात हमाल. पंचवीस-तीस वर्षं झाली. गाडी आली की काय होतं ते मी नंतर, म्हणजे चूक झाल्यावर, दिवसभर बसून बघितलं. ताडपत्री सोडतात. फाळका खोलतात. दोघं वर चढतात, पोतं कडेला आणून खालच्याच्या पाठीवर देतात. तो फळीवरून ओट्यावर. ओट्यावर पोत्यांची ओळ लागते. ड्रायव्हर बाजूला चहा पितोय, त्याला घाई आहे, परतीचं भाडं मिळालं तर डिझेल सुटतं. शेवटचं पोतं निघालं की तो गाडी झाडून घेतो आणि जातो. त्याची गाडी खाली झाली. खरंच झाली, तो खोटं बोलत नाहीये.

पण पोती ओट्यावर आहेत. तिथून तोलायची. खराब, फाटकी बाजूला काढायची. मग आत न्यायची आणि थप्पी लावायची. थप्पी म्हणजे नुसती रास नव्हे, विटा रचतात तशी आडवी-उभी बांधत न्यायची, नाहीतर कोसळते. वरच्या थरांना तर पोतं डोक्याच्या वर न्यायचं असतं. मामा म्हणतो, उतरवताना कंबर जाते आणि थप्पीला मान जाते. या थप्पीची हमाली वेगळी असते.

आमच्या अ‍ॅपमध्ये थप्पीची स्क्रीन होती. नव्हती असं नाही. पण ट्रिप बंद झाल्यावर ती उघडायचीच नाही. आणि ट्रिप बंद करायचं बटण ड्रायव्हरच्या हातात. तो ओट्यावरूनच दाबून मिरजेच्या पुढे गेलेला असायचा.

१९ गाड्या. तीन आठवडे. आठ माणसांची टोळी. थप्पीची एकही नोंद नाही.

मला कळलं कसं? तक्रारीतून नाही. एप्रिलच्या शेवटी वळवाचा पाऊस आला. संध्याकाळी चारला कडक ऊन आणि पाचला ढग. दोनशेवर पोती ओट्यावर, अ‍ॅप म्हणतंय गाडी खाली, माल जमा, काम संपलं. गोदामवाला मोबाइल बघून निवांत, की सगळं आत गेलंय. मामाची टोळी पावसात पोती आत ओढतीये. काही भिजलीच. हळद भिजली की तिचा रंग जातो, बुरशी धरते. मग कोणाची चूक यावर वाद सुरू झाला. गोदामवाल्यानं मुकादमाला स्क्रीन दाखवली, "हे बघ, पावणेचारलाच तुमचं काम झालंय." मुकादम म्हणाला, "आमचं न्हाई, गाडीचं झालंय."

त्या रात्री मामाचा फोन आला. माझ्याशी मामा कधी कामाचं बोलत नाही. म्हणाला, "आरं, तुझ्या मोबाइलात ड्रायव्हरची गाडी खाली झाली की संपलं सगळं. माल वट्यावर पडलाय त्याचं काय? थप्पी काय तुझा बा येऊन लावणार हाय?"

मी हसलो. मग विचारलं, "थप्पीचे पैसे मिळतायत ना?" मामा थोडा वेळ गप्प. मग म्हणाला, "येतील की. पोरं म्हणत हुती मागं लागूया. मीच म्हणलं, भाच्याचं अ‍ॅप हाय, त्यात चुकत न्हाई, पुढच्या हप्त्याला येईल."

मंडळी, मला आजपर्यंत बरेच बग रिपोर्ट आलेत. रागाचे, शिव्यांचे. असा आला नव्हता. आठ माणसं तीन आठवडे गप्प बसली होती, कारण कोड माझा होता.

आता ही थप्पी, उतराई, तोलाई वेगवेगळी मोजायची भानगड कशाला, एकच रक्कम ठरवा की, असं आमच्या मीटिंगमध्ये एकानं सुचवलं. तेव्हा मला जरा इतिहास सांगावा लागला, इथेही सांगतो. डोक्यावर ओझं वाहणारा तो माथाडी. त्यांना एकत्र करणारे अण्णासाहेब पाटील आपल्या साताऱ्याचे, पाटण तालुक्यातल्या मंद्रुळकोळ्याचे. मुंबईच्या गोद्या-बाजारांत ओझी वाहणारी कितीतरी माणसं पाटण, जावळीकडचीच. त्यांच्या लढ्यातून १९६९ साली माथाडी कायदा झाला. त्याची रचना साधी आहे आणि सॉफ्टवेअरवाल्याला आवडेल अशी आहे. हमालाचा मालक एक नसतो, आज या दुकानात, उद्या त्या. म्हणून मधे एक मंडळ. काम करून घेणारा मजुरी आणि वर लेव्ही मंडळात भरतो, मंडळ हमालाला मजुरी देतं, आणि लेव्हीतून भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी वगैरे. हे सगळं कशावर उभंय? कामाच्या नोंदीवर. नोंद नाही तर मजुरी नाही, आणि म्हातारपणची तरतूदपण नाही.

आणि 'अनलोड कोणी करायचं' हा सुद्धा आपल्याकडे भांडणाचा विषय आहे. भराई-उतराईच्या 'वाराई'चे पैसे ट्रकवाल्यानं का द्यायचे, असं म्हणत वाहतूकदारांनी घोषणा दिली, 'ज्याचा माल त्याचा हमाल'. किती नेमकं आहे बघा. ड्रायव्हर म्हणतोय, माझं नातं गाडीशी, मालाशी नाही. गाडी खाली होणं माझं, माल उतरणं तुमचं. म्हणजे जो फरक मला बग आल्यावर कळला, त्याच्यावर इथे लोक घोषणा देऊन बसलेत.

बरं, चूक सापडली. आता मागचे पैसे काढायचे कसे? अ‍ॅपमध्ये थप्पीची नोंदच नाही. मी आधी आमचा डेटाबेस डंप घेतला. 'डंप' हा या 'अनलोड'चा आडदांड भाऊ. डंपर बघितलाय ना? मागचा हौदा वर उचलतो आणि खडी धडाधड खाली. मोजायचं नाही, रचायचं नाही, घेणारं समोर कोणी असायची गरज नाही. म्हणून कचरा डंप होतो, परदेशातला स्वस्त माल बाजारात डंप होतो आणि आपल्या वयाच्या पोरापोरींत ब्रेकअप झालं की 'तिनं डंप केलं' म्हणतात. त्या वाक्यात दुखतं ते हेच, की कोणी उतरवून घेतलं नाही, नुसतं ओतून गाडी पुढे गेली. कंप्युटरचा डंपपण तसाच. मेमरीत, टेबलांत जे जे आहे ते सगळं एका फाइलीत ओतायचं, नंतर बसा निवडत.

मी दोन रात्री निवडत बसलो. त्यात 'गाडी खाली'च्या १९ वेळा होत्या, आणि थप्पीच्या रकान्यात शून्य, शून्य, शून्य.

मग मामाकडे गेलो. मामानं एक वही काढली. शाळेतली, दोनशे पानी, कव्हरला तेलाचा डाग. प्रत्येक गाडीला एक ओळ. तारीख, गाडीचे शेवटचे चार आकडे, मग रकाने: उतराई, तोलाई, थप्पी. मी 'उतराई' वाचून क्षणभर थांबलो. आम्ही हा शब्द निबंधात लिहायचो, 'आई-वडिलांच्या ऋणातून कधीच उतराई होता येत नाही'. मामाच्या वहीत तो पोत्यांचा हिशोब होता. पण ऋण हेही ओझंच, आणि डोक्यावरून उतरलं की माणूस उतराई. निबंध लिहिताना हे कधी डोक्यात आलं नव्हतं.

वहीतली आणि डंपमधली प्रत्येक ओळ जुळली. १९ पैकी १९. पोत्यांच्या आकड्यात एका ठिकाणी दोनचा फरक आला, तिथे वही बरोबर होती. दोन फाटकी पोती बाजूला ठेवलेली, मामानं कडेला तसं लिहिलंही होतं.

सगळं मिळून माणशी साडेतीन हजारांच्या आसपास निघाले. तुम्ही म्हणाल, एवढेच? आमच्या ऑफिसची एक टीम लंच तेवढ्याची होते, हे मला माहितीये. मामाच्या टोळीतल्या एकाच्या पोरीची अकरावीची फी त्यात अडली होती. गोदामवाल्यांनी पैसे दिले, लगेच नाही, दोन महिने लागले. भिजलेल्या हळदीचा वाद अजून पूर्ण मिटलेला नाही, त्यामुळे त्यावर जास्त बोलत नाही.

थोडं विषयाबाहेर जातो, पण तुम्हाला आवडेल. मोबाइल 'चार्ज' करतो, त्यातला चार्ज म्हणजे मुळात काय? लॅटिनमध्ये 'कार्रुस' म्हणजे चाकाची गाडी. त्यावरून गाडीवर ओझं चढवायचं क्रियापद झालं, त्याचं झालं 'चार्ज'. 'कार्गो' पण त्याच घरातला. म्हणजे तुम्ही रात्री फोन चार्जिंगला लावता तेव्हा शब्दार्थानं गाडी भरता. आणि 'डिस्चार्ज' म्हणजे गाडीवरचं ओझं काढणं, अनलोडच! बॅटरी डिस्चार्ज, दवाखान्यातून डिस्चार्ज, आणि धरणाचा डिस्चार्ज.

हा शेवटचा आमच्या दोन जिल्ह्यांना जोडतो. कोयना धरण साताऱ्यात, १०५ टीएमसीचं. पावसाळ्यात ते भरत आलं की दरवाजे उघडतात, बातमीत 'विसर्ग वाढवला' येतं, इतके क्युसेक. साताऱ्याच्या बाजूनं ते गाडी खाली करणं आहे. धरणाला जागा हवी. पण ते पाणी पुढे कृष्णेतून सांगलीत जातं. तिथे लोक आयर्विन पुलाची पातळी बघत बसतात. ४५ फूट ही धोक्याची. २०१९ च्या ऑगस्टमध्ये ती ५७ फुटांच्या वर गेली होती. तेव्हा आम्ही कराडवरून मामाला रोज फोन करायचो आणि एकच प्रश्न विचारायचो, "पाणी उतरलं का?" बघा परत. सातारा म्हणतो विसर्ग, सांगली म्हणते उतरलं का. मधे जे रस्ते, घरं, गोठे आहेत, ते या दोन शब्दांच्या मधे आहेत.

सांगलीशेजारी हरिपूर आहे, कृष्णा-वारणेच्या संगमावर. तिथे जमिनीत पेवं होती, हळद साठवायची खोल विहिरीसारखी कोठारं. वरचं तोंड लहान, आत पोटाशी रुंद. तिथली माती अशी की हळद वर्षानुवर्षं टिकायची. २००५ च्या महापुरात त्यातली बरीच गेली. पेवाचं उतरवणं उलटं असतं. हळद वर येते आणि माणूस आत उतरतो. तेही पेव उघडल्या उघडल्या नाही. आत प्राणवायू नसतो, म्हणून तोंड उघडून थांबतात. 'उघडलं' आणि 'आत जा' यांच्यामध्ये थांबायचं असतं, हे तिथल्या हमालाला कोणी शिकवावं लागत नाही. आमच्या अ‍ॅपला शिकवावं लागलं.

गंमत म्हणजे आमच्या धंद्यातही हे माहीत असायला हवं होतं. वेब पेज बंद होताना ब्राउझर 'अनलोड' नावाचा इव्हेंट देतो. नवखे प्रोग्रामर त्याच्यावर विसंबतात, की पेज बंद झालं की आपला डेटा सेव्ह करू. पण मोबाइलवर माणूस दुसऱ्या अ‍ॅपवर जातो, मागचं पेज सिस्टिम गुपचूप मारून टाकते आणि अनलोड येतच नाही. क्रोमवाले तर तो हळूहळू बंदच करतायत. मी स्वतः ज्युनिअर पोरांना सांगितलंय, अनलोडवर भरवसा ठेवू नका, गेला म्हणजे पोचला असं नसतं. सांगून परत माझ्या खुर्चीवर येऊन 'गाडी खाली झाली'ला ट्रिप बंद जोडली.

आता अ‍ॅपमध्ये काय केलं ते सांगतो. एका बटणाची तीन झाली. 'गाडी खाली झाली' हे ड्रायव्हरकडे, त्यावर फक्त त्याचं हॉल्टिंग थांबतं. 'माल उतरला' हे मुकादमाकडे, पोती मोजून. 'थप्पी लागली' हे मुकादम आणि गोदामवाला दोघांनी दाबल्याशिवाय पुढे जात नाही. ट्रिप तिसऱ्यानंतर बंद होते. कंपनीत एकानं विचारलं, इंग्रजी व्हर्जनमध्ये या तिन्हीला काय लिहायचं? आम्ही अर्धा तास भांडलो. पहिल्या दोन्हीला शेवटी 'अनलोडेड'च येत होतं. मग इंग्रजीत 'ट्रक एम्प्टी', 'बॅग्ज काउंटेड' आणि 'स्टॅक्ड' लिहिलं. आणि हो, 'माल उतरला'मध्ये मालाचं नाव येत नाही याची काळजी घेतलीये. रात्री साडेअकराला परत भाव पाडायचा नाही.

मागच्या महिन्यात सांगलीला गेलो तेव्हा मामाला नवीन स्क्रीन दाखवली. त्यानं चष्मा लावून तिन्ही बटणं नीट वाचली. म्हणाला, "आता बरं हाय." मग खिशातून पेन काढून वहीत त्या दिवसाची ओळ लिहायला लागला. मी म्हटलं, "मामा, आता वही कशाला?" तर म्हणाला, "तुझं चालू हाय तवर तुझं. हे आपलं असू दे."

तर मंडळी, तुमच्याकडे गाडी रिकामी करायला काय म्हणतात? विदर्भात, कोकणात, खानदेशात, बेळगावकडे? आणि थप्पीला? नेहमीच्या नंबरवर व्हॉइस नोट पाठवा, छोटी पाठवा, दोन मिनिटांच्या वरची मी ऐकत नाही हे तुम्हाला माहितीये. घरात कोणी हमाली केलेली असेल तर त्यांच्याच आवाजात पाठवा. भेटू पुढच्या रविवारी.